सोलापूरच्या उन्हात पोरांचा खेळ: वेळ, जमीन आणि लगोरी

‘ऊन उतरू दे, मग जा’ असं सोलापुरात घरोघरी म्हणतात, आणि ऊन उतरेपर्यंत पोर मोबाइल घेऊन आडवं झालेलं असतं. म्हणून खेळाची वेळ घड्याळावर बांधा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी सहानंतर. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, तेव्हा साडेचारलाच बाहेर काढा. 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यातली सकाळची वेळ सोडू नका, कारण डोळ्यांना दिवसाचा उजेड लागतो. घरात ट्यूबलाइटखाली जेमतेम तीन-चारशे लक्स उजेड असतो. दिवसा कडुलिंबाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. चीनच्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्तीचं बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लांबचं अंधूक दिसू लागलं, बाकीच्यांमध्ये हेच प्रमाण 39.5 टक्के होतं (2015 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास). दिवे लागल्यावरच्या खेळानं अंग मोकळं होईल, डोळ्यांचा हा फायदा मात्र मिळणार नाही. उन्हात उभं करायची गरज नाही, सावली चालते.

आता जमीन. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद जमिनीला लावा. चटका बसला तर थांबा. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक दिवसभर साठवलेली उष्णता अंधार पडल्यावरही सोडत राहतात. माती लवकर निवते. नळाला रोज पाणी येत नाही त्या गावात ‘मैदानावर पाणी मारा’ सांगण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा झाडाखालची माती शोधा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय अडकून घोटा मुरगळतो. मोठ्या भेगांत मुरूम भरून दाबा. रिकाम्या प्लॉटवर सराटे आणि बाभळीचे काटे असतात, तिथं अनवाणी नको.

दर 20 मिनिटांनी अर्धा-पाऊण ग्लास पाणी, तहान लागलेली नसली तरी. पोराला डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की सावलीत आडवं करा, अंग ओल्या फडक्यानं पुसा, वारा घाला. बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तोंडात पाणी ओतू नका. अंग ओलं ठेवत 108 ला फोन करा.

खेळ कुठला? सुरुवात लगोरीनं करा. शहाबादी फरशीचे सात तुकडे घ्या, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे. सगळ्यांत खालचा 15 सेंटिमीटर रुंद, मग प्रत्येक पावणेदोन सेंटिमीटरनं लहान, म्हणजे वरचा साडेचारचा होतो. कडा खरखरीत दगडावर पाणी टाकून घासा, नाहीतर पहिल्याच दिवशी बोट कापतं. चेंडू टेनिसचा जुना, किंवा मोज्यात मागावरचं उरलेलं सूत गच्च भरून वरून सुतळीनं बांधलेला. कडक रबरी नको. रेघ पाच मीटरवर. सात वर्षांखालच्यांना तीन. चेंडू कमरेखालीच मारायचा, हा नियम आधी सांगा. लगोर आपोआप ढासळत असेल तर खालची माती भुसभुशीत आहे; तळाला एक मोठी फरशी बसवा. तुकडे सगळे एकाच मापाचे झाले तर रचताना डुगडुगतात आणि डाव रेंगाळतो.

खरा बिघाड वेगळाच असतो: धाकटी पोरं आधी बाद होतात आणि कट्ट्यावर बसून राहतात, म्हणजे ज्यांना हालचाल सगळ्यांत जास्त हवी तीच बसलेली. त्यांना लिंबूटिंबू करा. बाद होणार नाहीत, पळत मात्र राहतील.

एक मोठं माणूस हवं, पण लांब बसलेलं. ‘आऊट होता’, ‘नव्हता’ यावरून भांडण होणारच. त्यात पडू नका. नियमावर तडजोड करणं, रुसलेल्याला परत डावात घेणं पोरं इथंच शिकतात, आणि तुम्ही निकाल दिलात की ते शिकणं तिथंच थांबतं. दगड उचलला, कुणी रस्त्याकडे धावलं, तरच उठा.

आणि मुलींकडे बघा. दहा-अकराव्या वर्षी त्या गुपचूप खेळातून बाहेर पडतात, कारण पोरांचं क्रिकेट सगळं मैदान खातं आणि जवळ स्वच्छतागृह नसतं. कुणाच्या घराचं उघडं असेल ते आधीच ठरवून मुलींना सांगा. मग फक्कीनं मैदानाच्या मधोमध रेघ ओढा आणि अर्धी बाजू लंगडी-खोखोला राखा. रेघ दोन दिवसांत पुसते, ती पुन्हा ओढायचं काम एका मुलीकडेच द्या.