दाजीपूरला गवा पाहायला जाताना

कोल्हापूरहून दाजीपूर सुमारे 80 किलोमीटरवर आहे, आणि गवा उघड्यावर येतो तो प्रामुख्याने सकाळी लवकर व दिवस कलताना. त्यामुळे रंकाळ्यावरून पहाटे चारलाच निघावे. हळदी, भोगावती, राधानगरी असा सरळ रस्ता आहे, परंतु ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारातून अचानक पुढ्यात येते, म्हणून वेग आवरता ठेवावा.

गव्यांसाठी 1958 साली राखलेले हे जंगल आज राधानगरी अभयारण्य म्हणून 351 चौरस किलोमीटरवर पसरले असून पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद असते. फाटक उघडण्याची वेळ, शुल्क आणि आत नेणाऱ्या जीपची सोय आदल्या दिवशीच वनविभागाकडे विचारून घ्यावी. धुके आवडत असेल तर डिसेंबर निवडावा. गवाच पाहायचा असेल तर एप्रिल-मे बरा, कारण आटत चाललेल्या पाणवठ्यांकडे कळप ओढले जातात.

जंगलात मधूनमधून जांभ्या दगडाचे मोकळे पठार लागते, त्याला येथे सडा म्हणतात. सगळे सडे पालथे घालण्याचा आग्रह वाटाड्याकडे धरू नये, एकाच सड्याच्या कडेला तासभर बसावे, असे माझे मत आहे. गव्याचे नाक व कान फार तिखट असतात. चिमूटभर कोरडी माती सोडून वारा पाहावा आणि तो आपल्याकडून झाडीकडे वाहत असल्यास जागा बदलावी. अत्तर लावलेला, तसेच खाऊच्या पुड्या कुरकुरवणारा सोबती घरीच बरा. आधी झाडीतून फुसकारा ऐकू येतो, मग काळ्याभोर अंगाखाली गुडघ्यापर्यंतचे पांढरे पाय दिसतात. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, तेव्हा छायाचित्रासाठी पुढे सरकण्याचा मोह टाळावा. कळपात वासरू असेल तर आणखी दूर राहावे.

ऊन चढल्यावर सडा रिकामा होतो. मग शेकरू शोधावे, किंवा परतीच्या वाटेवर शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले राधानगरी धरण व त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाहावेत. संध्याकाळपर्यंत थांबलात तर घाटरस्त्यावर एखादा गवा आडवा उभा सापडेल. अशा वेळी भोंगा न वाजवता, दिव्यांचा प्रखर झोत खाली करून गाडी जागीच थांबवावी, आणि एक गेला म्हणून लगेच निघू नये, कारण मागून बहुधा कळपातले आणखी येत असतात.