काळी लीड कुठे ठेवलीस?

डिप्लोमाच्या लॅबमध्ये 22 वर्षं काढल्यावर माझी एक खोड पक्की झालीय. मुलगा मीटर नाचवत येतो, "मॅडम, इथे सात व्होल्ट आलं." मीटरला टोकदार सळईच्या दोन वायरी असतात, लाल आणि काळी; त्यांना लीड म्हणतात. मी विचारते, "काळी लीड कुठे ठेवली होतीस?" तो लाल लीडकडे बघायला लागतो. काळी कुठे टोचली होती ते त्याला आठवतच नसतं.

खरं तर मराठीतून शिकलेल्यांना हे सोपं जायला हवं. शाळेच्या पुस्तकात आपण विभवांतर म्हणायचो. शब्दातच अंतर आहे. इथे त्याचा अर्थ फरक, पण रस्त्याचं अंतर डोळ्यासमोर आणलंत तरी काम भागतं. "सातारा किती किलोमीटर?" असं कुणी विचारलं तर आपण आधी "कुठून?" म्हणतो. कॉलेजात तो शब्द सुटतो, व्होल्टेज येतं, आणि "कुठून?" विचारायचं राहून जातं.

तर आता हातानं करून बघा. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची क्लिप, ब्रेडबोर्ड, लाल एलईडी, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि 1 किलोओहमचे रेझिस्टर घ्या. रेझिस्टरवर तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी पट्टा बघून घ्या. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. रेझिस्टर एकेक मागू नका, दुकानदार वैतागतो. दहाचा जुडगा घ्या. घरातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटकडे मीटर घेऊन इतक्यात फिरकायचंही नाही.

ब्रेडबोर्डच्या मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात आणि मधली खाच दोन्ही बाजू वेगळ्या ठेवते. कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांत अर्ध्यावर तुटलेल्या असतात. मीटर बीपवर लावून (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो) आधी तपासा, नाहीतर तासभर नुसतं एलईडीला शिव्या देत बसाल. जोडणी अशी: बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय बॅटरीच्या मायनसला. रेझिस्टर गाळून एलईडी थेट लावलात तर तो जळेल.

एलईडी पेटला की मीटर डीसी व्होल्टच्या 20 वर ठेवा आणि वहीत तीन आकडे लिहा. माझ्या टेबलावर परवा बॅटरीच्या दोन टोकांत 9.12, रेझिस्टरच्या दोन टोकांत 7.24, एलईडीच्या दोन टोकांत 1.88 आलं. शेवटच्या दोघांची बेरीज करा, बॅटरीचे 9.12 परत मिळतात. हाच जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किरचॉफचा व्होल्टेजचा नियम. 1845 साली त्यानं तो मांडला तेव्हा तो 21 वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणजे तुमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. आता काळी लीड मायनसला कायम ठेवून फक्त लाल फिरवा. रेझिस्टरच्या एका टोकाला 9.12 आणि दुसऱ्या टोकाला 1.88 मिळेल. 7.24 हा आकडा कुठेच दिसणार नाही, तो या दोघांतला फरक आहे. ग्राउंड म्हणजे दुसरं काही नाही, "काळी लीड इथे ठेवू" असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं ठिकाण.

करंट मोजायला मीटर मध्ये घालायची घाई करू नका. 1 किलोओहम उगाच नाही निवडला. ओहमच्या नियमानं 7.24 भागिले 1000, म्हणजे 7.24 मिलिअँपिअर. जितके व्होल्ट तितकेच मिलिअँपिअर, कॅल्क्युलेटर नको. सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, त्यामुळे दशांशाच्या दुसऱ्या घरावर भांडू नका.

मीटरनंच करंट मोजायचा असेल तर सर्किट एका जागी तोडून मीटर त्या फटीत बसवायचा, आणि मोजून झालं की लाल लीड लगेच व्होल्टच्या भोकात परत. हे मी विद्यार्थिनी असताना विसरले होते. लाल लीड 10 अँपिअरच्या भोकात तशीच राहिली आणि मी मोटारसायकलच्या 12 व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेले. करंटसाठी लावलेला मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार. ठिणगी उडाली, लीडचं टोक काळं पडून खडबडीत झालं. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुतेकदा फ्यूजही नसतो, शेजारी बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं.

आता माझा आवडता खोडसाळपणा. 1 मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून बॅटरीला लावा. दोन सारखे, म्हणजे निम्मं-निम्मं, प्रत्येकी साडेचार यायला हवं. स्वस्त पिवळ्या मीटरवर पहिल्याला 3 येतं आणि दुसऱ्यालाही 3. बॅटरीवर मात्र 9 आहे. मुलं म्हणतात, "मॅडम, किरचॉफ चुकला."

किरचॉफ चुकलेला नाही. त्या मीटरचा स्वतःचा रोध 1 मेगाओहम आहे. तो ज्या रेझिस्टरवर टेकतो त्याला समांतर बसतो, आणि तिथे 1 चा 0.5 मेगाओहम होतो. मग 9 व्होल्टची वाटणी 0.5 आणि 1 मध्ये होते: 3 आणि 6. लीड उचलली की परत साडेचार, पण ते बघायला मीटर नाही. तुमच्या मीटरवर 3 ऐवजी 4.28 च्या आसपास आलं, तर त्याचा रोध किती ते वहीत काढून आणा. उत्तर 10 मेगाओहमच्या जवळ यायला हवं.