तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ: पायथॉनमधला पहिला प्रोग्राम

नवशिक्यांना बहुतेक वेळा वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा प्रोग्राम लिहायला देतात. त्यात चुकायला फारसे काही नसते, म्हणून शिकायलाही कमीच मिळते. त्यापेक्षा त्रिकोण घ्या. तीन बाजू माहीत आहेत, उंची माहीत नाही आणि क्षेत्रफळ हवे आहे. त्यासाठी लागणारे सूत्र अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या, म्हणजे शालेय पुस्तकांतल्या हीरोच्या नावाने ओळखले जाते. हा गणिती इसवी सनाच्या पहिल्या शतकातला.

आधी कागदावर एक उदाहरण सोडवा. बाजू ३, ४, ५. परिमितीची निम्मी ६. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ३, २, १ उरतात. ६ × ३ × २ × १ = ३६ आणि त्याचे वर्गमूळ ६. हे उत्तर हाताशी ठेवा, प्रोग्राम तपासायला लागेल.

आता पायथॉन ३ चा एडिटर उघडून पुढच्या ओळी लिहा. व्हेरिएबलची, म्हणजे किमती साठवणाऱ्या कप्प्यांची, नावे मराठीत चालतात. फ्लोट, इनपुट, इफ, अँड, एल्स आणि प्रिंट हे पायथॉनचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे. सूत्रातले २ आणि ०.५ हेही इंग्रजी अंकांतच.

अ = फ्लोट(इनपुट("पहिली बाजू: "))
ब = फ्लोट(इनपुट("दुसरी बाजू: "))
क = फ्लोट(इनपुट("तिसरी बाजू: "))
इफ अ + ब > क अँड ब + क > अ अँड क + अ > ब:
    स = (अ + ब + क) / २
    क्षेत्रफळ = (स * (स - अ) * (स - ब) * (स - क)) ** ०.५
    प्रिंट("क्षेत्रफळ:", क्षेत्रफळ)
एल्स:
    प्रिंट("या बाजूंचा त्रिकोण होत नाही")

दोन फुल्या म्हणजे घात, आणि अर्धा घात म्हणजे वर्गमूळ. इफ आणि एल्सच्या खालच्या ओळी चार स्पेस आत घ्या, नाहीतर पायथॉन प्रोग्राम सुरूच करणार नाही.

फ्लोट कशाला, असे वाटेल. इनपुटमधून येते ती अक्षरांची माळ, संख्या नव्हे; फ्लोट तिची संख्या करतो. फ्लोट गाळले तर ३ आणि ४ यांची बेरीज ७ न होता ३४ अशी जोडणी होते. मग ही जोडणी ५ शी अक्षरशः ताडली जाते, ३ हे अक्षर ५ च्या आधीचे म्हणून ती लहान ठरते, आणि ३, ४, ५ चा त्रिकोण होत नाही असे उत्तर येते. एररही दिसत नाही, म्हणून ही चूक सापडायला अवघड. गंमत म्हणजे फ्लोट देवनागरी अंकही ओळखतो: प्रोग्राम चालू असताना बाजू म्हणून ३ टाइप केले तरी चालते.

खरे महत्त्व इफच्या ओळीला आहे. ती काढून १, २, ५ या बाजू देऊन पाहा. वर्गमूळाखाली उणे २४ येते, आणि पायथॉन तक्रार न करता शेवटी j हे इंग्रजी अक्षर लावलेली काल्पनिक संख्या छापतो. त्याहून फसवे म्हणजे उणे ३, उणे ४, उणे ५: चार उणे अवयवांचा गुणाकार अधिक ३६ होतो आणि उत्तर निमूटपणे ६ येते. मग बाजू शून्यापेक्षा मोठी आहे का, ही वेगळी अट घालायची का? गरज नाही. अ + ब > क आणि क + अ > ब या दोन असमानतांची बेरीज केली की दोन्हीकडचे ब आणि क जातात, २अ > ० एवढेच उरते. बाकीच्या बाजूंचेही तसेच.

चाचणीसाठी ३, ४, ५ द्या, ६.० यायला हवे. १३, १४, १५ ला ८४.०. १, २, ३ ला नकार, कारण तिन्ही बाजू एका रेषेत आडव्या पडतात.

शेवटची चाचणी ०.१, ०.२, ०.३. इथेही नकार यायला हवा, पण प्रोग्राम अगदी छोटेसे क्षेत्रफळ छापतो. ०.१ आणि ०.२ संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, नेमके मांडता येत नाहीत, त्यामुळे त्यांची बेरीज ०.३ पेक्षा कणभर जास्त भरते. साध्या वापरासाठी अट थोडी कडक करा: अ + ब - क > ०.०००००००१, आणि उरलेल्या दोन अटीही तशाच.