पोचपावतीपासून सुरुवात : मजुरांच्या हक्कांसाठी काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

आर्थिक न्यायासाठी काम करायचे, एवढेच मनात धरून मी पदवीनंतर मजुरांच्या एका संघटनेत दाखल झाले, तेव्हा विषमतेवर मी तासभर बोलू शकत होते. हजेरीचे मस्टर मात्र कधी हातात घेतलेले नव्हते. या क्षेत्रात येऊ पाहणारे तरुण आधी काय शिकावे असे विचारतात, तेव्हा मी सांगते, की कागद वाचायला शिका आणि तो मजुराच्या हाती कसा राहील याची काळजी घ्या.

हे मला एका चुकीतून कळले. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यानुसार कामाची मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम मिळणे बंधनकारक होते, आणि ते न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व त्यानंतर किमान निम्मा बेरोजगार भत्ता द्यावा लागे. काम मागणाऱ्या काही बायकांसोबत मी कार्यालयात गेले, त्यांच्या वतीने मीच सगळे बोलले, अधिकाऱ्यांनी आठवड्याभरात काम काढण्याचे आश्वासन दिले आणि आम्ही समाधानाने परतलो. काम निघाले नाही. भत्ता मागायला गेलो, तेव्हा मागणीचा अर्ज कोणत्या तारखेचा, असा प्रश्न आला, आणि आमच्याकडे ना नमुना ४ची, म्हणजे काम मागण्याच्या अर्जाची, प्रत होती, ना तारखेची पोचपावती. परत येताना एक वयस्कर बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही बोललात ते चांगलंच बोललात, पण आमच्या हातात कागद एक बी न्हाई.” त्या बायकांचे बुडालेले दिवस मी आजही विसरलेले नाही. पुढच्या खेपेला प्रत्येकीने स्वतःचा अर्ज दिला, पावती मिळेपर्यंत कोणी उठले नाही, आणि मी मागे बसून राहिले.

दुसरा धडा मोजमापाचा. खोदकामाची मजुरी दिवसावर नव्हे, तर किती आणि कशा प्रकारची खुदाई झाली यावर ठरे; त्यामुळे बायकांनी कठीण मुरूम फोडलेला असताना मोजमाप पुस्तिकेत मऊ मातीची नोंद झाली, तर हजेरी पूर्ण असूनही हाती कमी पैसे येत, आणि अन्याय नेमका कुठे झाला हे कोणालाच दिसत नसे. म्हणून नवख्या कार्यकर्त्याने टेपने खड्डा मोजायला, लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार करून दरसूचीशी ताडून पाहायला आणि हा हिशेब मजुरांना त्यांच्या भाषेत समजावून द्यायला शिकले पाहिजे. सभेतील भाषणापेक्षा हे काम मला कितीतरी मोलाचे वाटते.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९७२च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर उभी राहिली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला, तेव्हा काम मागणे ही विनवणी न राहता हक्क झाला. १९६९च्या माथाडी कायद्याची रचना तर प्रत्येक नवख्याने बारकाईने अभ्यासावी. हमालाला कायमचा एक मालक नसतो, ही अडचण ओळखून त्या कायद्याने मंडळे नेमली. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांइतकी जादा रक्कम, मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराला मजुरीबरोबर भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ द्यायचे. बाबा आढावांनी हमालांना संघटित करण्यात घातलेली वर्षे पाहिली, की असा कायदा राबवून घेण्यासाठीही किती चिकाटी लागते हे कळते.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. समाजकार्याची पदवी उपयोगी पडते, पण मला अधिक उपयोग झाला तो नंतर केलेल्या तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाचा. तो जमत नसेल, तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क असतो, हे पुष्कळ वाड्या-वस्त्यांवर पोहोचलेलेच नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मात्र पहिल्याच महिन्यात स्वतः करून पाहावा : उत्तरासाठी ३० दिवस, आणि ते न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. एकाच कामाचे मस्टर, मोजमाप पुस्तिका आणि देयक मागवून तिन्ही शेजारी ठेवून वाचले, की कार्यालयीन कारभार जितका समजतो, तितका कोणत्याही प्रशिक्षणात समजत नाही.

पैशाचा विषय टाळू नये. अनेक संस्थांत मानधन अल्प असते आणि प्रकल्प संपला की तेही थांबते. घरची जबाबदारी असलेल्या मुला-मुलींनी याचा विचार आधीच करावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. रुजू होताना नियुक्तिपत्र, कामाचे तास, प्रवासखर्च आणि भविष्यनिर्वाह निधी यांबद्दल स्पष्ट विचारावे. माझ्या पहिल्या दोन वर्षांचे नियुक्तिपत्र मला कधीच मिळाले नाही. त्या काळात मी इतरांसाठी किमान वेतनाचे अर्ज लिहीत होते.