डाग खाली, दोष वर: जुन्या गाडीची गळती काढताना या चुका टाळा

रविवारी सकाळी माझ्या शेडसमोर एखादी जुनी गाडी येऊन थांबते. पोरगा उतरतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काका, चेंबर गळायलंय. पॅकिंग आणलंय, तेवढं बसवून द्या." चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, पॅकिंग म्हणजे जोडात बसणारी पातळ पट्टी. पॅकिंग हातात असतं, पण गाडीखाली वाकून त्याने एकदाही बघितलेलं नसतं.

माझ्याकडे 1985 ची अँबेसेडर आहे, मार्क 4, ते जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन. परभणीच्या उन्हात आणि काळ्या मातीत तिचं ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, सगळं एकदा तरी माझ्या फरशीवर सांडून झालंय. तेव्हा खालच्या चुकांपैकी निम्म्या माझ्याच आहेत.

डाग जिथे पडला तिथेच गळती, असं धरून चालणं

ऑइल वरून खाली उतरतं आणि गाडी पळत असली की वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे गळती वर आणि पुढे असते, थेंब मात्र खाली आणि मागे पडतो. हे वाचायला सोपं आहे. मला ते कळायला एक अख्खी दिवाळी लागली.

इंजिन आणि गिअर बॉक्सच्या जोडाखाली, क्लच हाऊजिंगच्या भोकातून ऑइल ठिबकत होतं. मिस्तरींनी बोट लावलं, वास घेतला आणि निकाल दिला, "मागचं सील गेलंय. इंजिन उतरवायलाच लागतंय." मीही मान डोलावली. अंगणातल्या लिंबाला चेन-पुली बांधली, इंजिन बाहेर काढलं. उघडून बघतो तर तिथे रबरी सील असं काही नाहीच! या मूळच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनात क्रँकच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकावर आटे कोरलेले असतात. क्रँक फिरला की ते आटे ऑइल परत आत ढकलतात. गाडी उभी असताना चार थेंब बाहेर येणं हा त्या रचनेचाच स्वभाव आहे. तरी "उघडलंच आहे तर" म्हणून क्लच प्लेट बदलली, चेंबरचं पॅकिंग बदललं, इंजिन चढवलं. भाऊबीज होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी तेवढाच डाग.

मग घरातला हातातला आरसा घेतला, बॅटरी (टॉर्च) घेतली आणि इंजिनच्या मागे, जिथे केबिनच्या पत्र्यामुळे डोकं जात नाही, तिथे आरसा घातला. टापिट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, बुचाच्या लाकडाचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात आत सरकलं होतं. बोटभर जागेत पॅकिंगच नव्हतं. तिथून ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून घरंगळत थेट क्लच हाऊजिंगवर जात होतं. चहा-पोह्यांच्या पैशांत येणारं पॅकिंग, दोन नट, वीस मिनिटांचं काम. आमच्याकडे म्हणतात ना, बनी तो बनी, नाहीतर परभणी. त्या दिवशी मी पुरता परभणी झालो होतो.

तेव्हापासून माझी एकच सवय आहे: आधी धुणं. पाना नंतर. आपल्याकडची काळी माती ऑइलमध्ये मुरली की चेंबरवर बोटभर जाड थर बसतो. तो सगळीकडे ओला असतो, म्हणून सगळंच गळतंय असं वाटतं. इंजिन पूर्ण थंड करतो, कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधतो, पत्र्याच्या पट्टीने थर खरवडतो, मग रॉकेल आणि ब्रश. पेट्रोलने धुणाऱ्याला मी शेडमध्ये उभं करत नाही. सगळं वाळलं की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवतो आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणतो. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथून सुरू होते, ती तुमची गळती.

शोध नेहमी वरून: टापिट कव्हर, ब्लॉकच्या बाजूची टापिटची झाकणं, पेट्रोल पंपाची बैठक, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर, टायमिंग कव्हर. चेंबर सर्वांत शेवटी. आणि हे सगळं करायच्या आधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी, नळी काढून फुंकून बघा. ती तुंबली की इंजिनच्या पोटातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि चांगल्या पॅकिंगमधूनही ऑइल ढकलतो. मागच्या आट्यांचंही मग काही चालत नाही. एकाने तीन पॅकिंगं बदलली होती. त्याच्या ब्रीदरमध्ये कुंभारमाशीने घर केलं होतं.

सिलिकॉन म्हणजे औषध, असं समजणं

सिलिकॉन म्हणजे ट्यूबमधून निघणारी, सुकली की रबरासारखी होणारी लुकण. या विषयावर माझा आवाज चढतो, आधीच माफी मागतो.

जिंतूरहून परभणीला येताना बोरीच्या पुढे एका पोराची गाडी बंद पडली. फोन आला, "काका, ऑइलचा दिवा लागलाय, पण डिपस्टिकवर ऑइल फुल आहे." मी म्हटलं, चावी काढ आणि पुन्हा सेल्फ मारू नकोस. ट्रॅक्टरला बांधून गाडी आणली. चेंबर उतरवलं तर ऑइल ओढायच्या जाळीला लाल शेवया चिकटलेल्या! पठ्ठ्याने आठ दिवसांपूर्वी चेंबर "पक्कं" बसवलं होतं. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनची करंगळीएवढी वळी, वरून बोल्ट जीव खाऊन आवळलेले. जेवढं सिलिकॉन बाहेर दाबलं जातं तेवढंच आतही दाबलं जातं. बाहेरचं दिसतं, पुसता येतं. आतलं सुटतं, ऑइलमध्ये पोहत जाळीवर जाऊन बसतं आणि पंपाचा गळा आवळतं. बेअरिंगं वाचली ती त्याने दिवा बघून गाडी थांबवली म्हणून. तेवढं एक त्याने बरोबर केलं.

मी काय करतो? जुनं पॅकिंग खरवडून दोन्ही पृष्ठभाग कोरडे, बोटाला गुळगुळीत लागतील असे करतो. चेंबरची कड काचेवर उलटी ठेवून बघतो. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा उचललेला असतोच, कारण आधीच्या कुणीतरी आवळलेला असतो. तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हळूहळू सपाट करतो. मग नवं पॅकिंग. जिथे दोन पॅकिंगं कोपऱ्यात भेटतात तिथे तांदळाएवढं सिलिकॉन. बस्स. मोठी ट्यूब घेऊन येणाऱ्याला मी आधी चहा पाजतो, ट्यूब बाजूला ठेवून.

आवळण्याचंही तसंच. टापिट कव्हरच्या त्या दोन नटांना अवघा चार पौंड-फूट टॉर्क लागतो. लांब पाना लावला की पॅकिंग चेंगरून बाहेर येतं आणि पोरं म्हणतात, कंपनीचं पॅकिंगच खराब. आखूड पाना घ्या, तो मधोमध धरा. गळती थांबली नाही तर आणखी आवळू नका, उघडा.

कुठलं पाणी, कुठलं तेल, हे न बघणं

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाका आणि पुढच्या चाकांची जागा पेनाने त्यावर खुणवा. सकाळी डाग कुठल्या भागाखाली आहे ते कळतं. इंजिन ऑइल काळपट, गिअर ऑइल घट्ट आणि नाकात जाणाऱ्या गंधकाच्या वासाचं. मागच्या चाकाच्या आतून ओघळ असेल तर तो एक्सलच्या सीलमधून आलेला गिअर ऑइलचा आहे की व्हील सिलेंडरमधल्या ब्रेक ऑइलचा, हे आधी ठरवा. ब्रेक ऑइल पाण्याने धुतलं जातं आणि रंग खातं. गिअर ऑइल पाण्याला दाद देत नाही. ब्रेकचं निघालं तर गाडी हलवायची नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नाही. आणि डब्यात ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून इंजिन ऑइल ओतणारे महाभाग मी बघितलेत. सगळी रबरं फुगतात, मास्टर सिलेंडरपासून चारही चाकांपर्यंत.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी असेल तर त्याची गळती ओळखायला सोपी, वाळली की पांढरी खपली ठेवते. पण तीच खपली रेडिएटरच्या नळ्यांतही बसते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला.

हळद

रेडिएटर गळला की मूठभर हळद टाकायची, ही विद्या ट्रकवाल्यांकडून आली आणि ती खोटी नाही. पूड पाण्याबरोबर फिरते, बारीक भोकात अडकते, घरापर्यंत पोचवते. मी स्वतः टाकलीय. चूक पुढे होते: घरी पोचल्यावर माणूस विसरतो. वसमतकडचा एक ओळखीचा, घरची हळद, हात सैल. वर्षात तीनदा टाकली. मे महिन्यात गाडी तापली, हेड गॅस्किट गेलं. रेडिएटर काढून उलटा केला तर खालून पिवळा चिखल, आणि निम्म्या नळ्यांतून प्रकाशही जात नव्हता. जुना रेडिएटर पितळ-तांब्याचा असतो. वरची टाकी सोडवून नळ्यांतून सळई फिरवता येते, भोकाला डाख देता येतो. हळद टाकलीत तर त्याच आठवड्यात ते करा. आणि तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. माझ्या मनगटावर त्याची खूण आहे.

बाकीच्या, पटापट

वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक गळतंय म्हणून एम-सील लावू नका. आतलं सील गेलंय हे सांगायलाच ते भोक ठेवलेलं असतं.

ड्रेन प्लगचा (ऑइल काढायच्या बुचाचा) तांब्याचा वायसर लाल तापवून पाण्यात टाका. मऊ होतो, पुन्हा वापरता येतो.

पेट्रोलच्या टाकीला साबण चोळून गाव गाठा, पण पुढचा प्रवास साबणावर करू नका.

नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. घोडे, म्हणजे लोखंडी टेकू, लावा. यावर चर्चा नाही.

डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे ऑइल भरू नका. "गळतंय म्हणून जास्त भरलं" असं म्हणणाऱ्याचं अजून जास्त गळतं.

माझ्या गाडीखाली अजूनही एक जुनी परात असते. त्या आट्यांतून रात्रीत चार-पाच थेंब पडतात, ते मी मोजतो आणि सोडून देतो. दहाच्या पुढे गेले की आरसा आणि बॅटरी घेऊन टापिट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात बघतो. घरातल्या आरशाचं ऑइल अजून पूर्ण निघालेलं नाही, त्यामुळे आता शेडमध्ये वेगळा आरसा आहे.