जुन्या फाइलमध्ये आधी मुद्देमाल शोधा

लॉ करून किंवा फॉरेन्सिकची पदवी घेऊन जन्मठेपेची जुनी प्रकरणं पुन्हा तपासण्याच्या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. पंचनामा म्हणजे काय, सी. ए. रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, कसा वाचायचा, हे तुम्हाला येत असणार. माझे सात महिने जिथे गेले, तेवढंच सांगते.

2019 मध्ये पहिली फाइल हातात आली. 2004 चा खून, 2007 मध्ये जन्मठेप, 2013 मध्ये हायकोर्टानं अपील फेटाळलेलं. आरोपीच्या शर्टावर रक्ताचे डाग होते. सी. ए. रिपोर्टमध्ये त्यापुढे एवढंच: मानवी रक्त, रक्तगट अनिर्णायक. तरी निकालपत्रात त्या शर्टाला मोठं वजन दिलेलं. मला वाटलं, इथेच डीएनए करायचा. कापड कागदी पाकिटात कोरडं राहिलं असेल तर इतक्या वर्षांनीही सुकलेल्या डागातून प्रोफाइल मिळू शकतो. मी एसटीआर या डीएनए चाचणीच्या पद्धतीवरचे लेख वाचले, तज्ज्ञांना फोन केले, चाळीस पानी अर्ज तयार केला. आरोपीच्या आईला सांगूनही टाकलं. ती दर महिन्याला फोन करायची, "बाई, शर्टाचं काय झालं?"

अर्ज दाखल करण्याच्या आठवड्यात मुद्देमालाचं रजिस्टर बघायला कोर्टात गेले. नाझरसाहेबांनी, म्हणजे कोर्टातला मुद्देमाल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी, एका ओळीवर बोट ठेवलं. फुल शर्ट, रक्ताचे डाग असलेला. शेवटच्या रकान्यात लाल शाईनं 'नष्ट', 2014 ची तारीख, दोन सह्या.

घरी येऊन निकालपत्र पुन्हा काढलं. शेवटच्या पानावर, शिक्षेच्या आदेशाखाली ओळ होती: मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपील कालावधीनंतर नष्ट करावा. ब्याण्णव पानं मी दोनदा वाचली होती, पण शिक्षेच्या ओळीवर थांबत होते.

आईला सांगायला स्वतः गेले. "जाळला का?" एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

म्हणून हे नीट समजून घ्या, मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम 452 प्रमाणे, म्हणजे आताच्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) 498 प्रमाणे, मुद्देमालाच्या विल्हेवाटीचा आदेश साधारणपणे दोन महिने, आणि अपील दाखल असेल तर ते निकाली निघेपर्यंत, अमलात येत नाही. अपील निकाली निघालं की ते संरक्षण संपलं. तुरुंगातला गरीब माणूस सुप्रीम कोर्टात जायला कधी कधी काही वर्षं घेतो. तेवढ्यात कोर्टातली मुद्देमालाची खोली रिकामी करण्याची मोहीम निघते. कुणी वाईट हेतूनं करत नाही. आदेश असतो, जागा नसते, आणि वस्तू जाते.

तेव्हा पहिल्या दिवशी निकालपत्राचं शेवटचं पान वाचा. दुसऱ्या दिवशी नाझरकडे जा. तिथे नसेल तर पोलीस ठाण्याचा मालखाना, म्हणजे जप्त वस्तू ठेवायची खोली. मग प्रयोगशाळेला रिपोर्टवरच्या केस नंबरसह लेखी विचारा, नमुन्याचा काही भाग किंवा स्लाइड उरली आहे का. उत्तर लेखीच घ्या, तोंडी 'नाही' धरू नका. अपील चालू असेल तर त्याच आठवड्यात मुद्देमाल जपून ठेवावा असा एक पानी अर्ज द्या, चाचणीचा मोठा अर्ज नंतर. अपिलात जादा पुरावा घेण्याचा अधिकार कोर्टाला बीएनएसएसच्या 432 मध्ये आहे. शिक्षा कायम होऊन सगळं संपल्यावर मात्र डीएनए मागण्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, हे आरोपीच्या घरच्यांना सुरुवातीलाच सांगा. चाचणी त्याच्या विरोधातही जाऊ शकते, हेही सांगा.

निकालपत्राचा सारांश सॉफ्टवेअरकडून काढून घेणारे नवे मित्र भेटतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. 'मुद्देमाल नष्ट करावा' ही ओळ सारांशात महत्त्वाची वाटत नाही, म्हणून ती गळते. आणि गुरू शोधायचाच तर व्याख्यानं देणारा नको, तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये घेऊन जाणारा शोधा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते निवृत्तीला आलेल्या एका नाझरांनी.

वस्तू गेली म्हणून फाइल बंद करू नका. नाशिकच्या 2003 च्या दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या सहा जणांना सुप्रीम कोर्टानं 5 मार्च 2019 ला निर्दोष सोडलं. तिथे प्रयोगशाळेतून नवं काही आलं नव्हतं. महत्त्वाच्या साक्षीदारानं पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांचे फोटो ओळखले होते आणि ते खटल्यात दडवलं गेलं होतं. याच कोर्टानं 2009 मध्ये त्या सहाही जणांच्या बाबतीत फाशीच ठरवली होती. कागद वाचत राहणं हेही आपलं काम आहे, आणि ते तुम्हाला जमेल.

जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं डीएनए नमुन्यांबाबत निर्देश दिले: 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवा, ताब्याची साखळी नोंदवा. नवीन प्रकरणांना त्याचा उपयोग होईल. जुन्यांमध्ये तीच मोजपट्टी घेऊन जप्तीची तारीख, प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख आणि मधले दिवस एका कागदावर लिहा. त्या दिवसांत पाकीट कुणाकडे होतं?

त्या शर्टाच्या फाइलमध्ये जप्ती 11 तारखेची आणि प्रयोगशाळेची पोच पुढच्या महिन्याच्या 3 तारखेची आहे. मधल्या दिवसांची एकही नोंद सापडलेली नाही. पुढच्या भेटीत मी ठाण्याचं जुनं मुद्देमाल रजिस्टर मागणार आहे.