खुडूक कोंबडीसाठी पत्र्याचा डबा नको

खुराड्यात अंडी घालायची सोय करताना पहिल्या वर्षी मी तेलाचे 15 किलोचे रिकामे डबे आडवे मांडले. मोहोळजवळचं आमचं रान, वर पत्रा, एप्रिल महिना, दुपारी पारा 42 च्या वर. खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या नादात असलेली, कोंबडी चोच वासून बसायची. अकराव्या दिवशी उठली ती परत बसलीच नाही. दहाही अंडी वाया. सासूबाई म्हणाल्या, "तापल्या तव्यावर तू तरी बसशील का गं?"

आता डाळिंबाचे क्रेट वापरते. आमच्याकडं ते कुणाच्याही गोठ्यात पडलेले असतात. क्रेट आडवा ठेवायचा आणि पुढं चार बोटं उंचीची फळी ठोकायची, म्हणजे अंडं घरंगळत नाही. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी फूटभर असली की एका वेळी एका कोंबडीला बास. आळीपाळीनं अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांना असा एक खण पुरतो. माझ्या 14 कोंबड्यांना तीन खण आहेत, तरी सगळ्या एकाच खणापुढं भांडतात, एसटीत जागा धरल्यासारख्या!

खण जमिनीपासून दीड फूट वर, अंधाऱ्या बाजूला, पश्चिमेच्या उन्हापासून लांब. रात्री बसायची दांडी मात्र खणापेक्षा उंचच हवी. कोंबडी सगळ्यात उंच जागा बघून झोपते; दांडी खाली राहिली तर ती खणात झोपणार आणि सकाळी अंड्यांना विष्ठा. तळाला राख, वर गव्हाचं भुसकट. कडबा ताठ असतो, तो नको. नव्या तलंगीला, म्हणजे पहिल्यांदाच अंडी घालणाऱ्या कोवळ्या कोंबडीला, जागा कळावी म्हणून एक पांढरा गुळगुळीत गोटा ठेवायचा, तिला अंडंच वाटतं.

खुडूक कोंबडी ओळखायला सोपी: अंग फुलवते, कुडकुडते, हात घातला की टोचते. तिला त्याच खणात ठेवू नका. दुसऱ्या कोंबड्या रोज तिथंच अंडी घालतात, मग कुठलं कधीचं ते कळत नाही. अंधार पडल्यावर उचलून वेगळ्या कोपऱ्यात न्यायची, खाली गोटा द्यायचा, वर डालगं, म्हणजे कोंबडी झाकायची बांबूची टोपली. दोन रात्री शांत बसली तर खरी अंडी. देशी कोंबडीला दहा-बारा बास, आठवड्याच्या आतली, पेन्सिलीनं खूण केलेली. डालग्याभोवती अर्ध्या इंचाची जाळी मारा. मोठ्या भोकांतून उंदीर येतो, त्याच्या मागं सापही.

रोज एकदा उठवून दाणा-पाणी द्या. पंधरा-वीस मिनिटांत ती आपणच परत बसते. सातव्या रात्री अंड्यामागं बॅटरी धरा. लाल शिरा दिसल्या तर ठेवा, नितळ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येताना टरफल सोलायला जाऊ नका. पिल्लाच्या पोटात बलक असतो, दिवसभर दाणा नसला तरी चालतं. पाणी उथळ ताटलीत खडे टाकून द्या, नाहीतर बुडतात. पहिल्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस डोळ्यात टाकून घ्या.

मे महिन्यात खुडूक झालेली मी बसवतच नाही. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवते, दाणा-पाणी समोर. खालून वारा लागला की तिचं खूळ उतरतं. सासूबाई अशा कोंबडीला पाण्यात बुचकळायच्या, ते माझ्यानं होत नाही.